हेरांना कविता पाठ करायला लावायचे म्हणे! तुम्ही कुठली घेतली असती?

ओसरी (धागाकर्ती)
परवा भाच्याचं पाठांतर घेत बसले होते. चौथ्या ओळीला गाडी अडली आणि नेहमीचा प्रश्न आला, "मावशी, कविता पाठ करून उपयोग काय?" मी ठोकून दिलं, "अरे, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे हेर कविता पाठ करून फ्रान्समध्ये उतरायचे. कविता विसरली की खेळ खलास." पोरगं एकदम ताठ बसलं. "म्हणजे कसं?" आणि तिथे माझीच गाडी अडली. कवितेतून सांकेतिक निरोप तयार व्हायचे एवढंच कुठेतरी वाचलेलं.
तर जाणकारांनो, नक्की करायचे काय? कविताच का? आणि खरा प्रश्न: तुमच्यावर वेळ आली असती तर कुठली कविता नेली असती?

टिवल्या
माझी एकच पाठ आहे, गॅस सिलिंडरवाल्याच्या गाडीवर वाजते ती.

निशिगंध
शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर: करुणाष्टकं. झोपेत उठवलं तरी म्हणेन. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

अमुकतमुक
हे बीबीसीवरचं प्रकरण ना? व्हर्लेनची शरद ऋतूवरची फ्रेंच कविता. १ जून १९४४ ला पहिल्या ओळी आणि ५ जूनला रात्री पुढच्या ओळी रेडिओवर वाचल्या, आणि दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या.

दोनतारी
@अमुकतमुक, ते वेगळं आणि हे वेगळं. रेडिओवरच्या ओळी म्हणजे ठरवून ठेवलेली खूण. गच्चीवर लाल साडी वाळत दिसली की घरी ये, तसलं. साडीत काही दडवलेलं नसतं. व्हर्लेनच्या ओळी फ्रान्समधल्या व्हेंट्रिलोक्विस्ट नावाच्या गटासाठी होत्या, काम रेल्वेमार्ग उडवायचं. जर्मनांना त्या खुणेचा आधीच सुगावा लागला होता. पंधराव्या सैन्याला सावध केलं गेलं, पण नॉर्मंडी ज्यांच्याकडे होती त्या सातव्या सैन्यापर्यंत ती सावधगिरी पोचलीच नाही. आपल्याकडच्या दोन खात्यांची आठवण येते.

ओसरीताई विचारतायत ते 'पोएम कोड'. १९४० साली चर्चिल सरकारने एसओई नावाची गुप्त संस्था काढली, कचेरी लंडनच्या बेकर स्ट्रीटवर. शत्रूने व्यापलेल्या देशांत माणसं उतरवायची, पूल-रूळ उडवायचे, स्थानिक बंडखोरांना शस्त्रं पोचवायची. या लोकांना बिनतारी संदेशाने लंडनशी बोलावं लागे आणि जर्मन सगळं ऐकत बसलेले. संकेतांचं पुस्तक जवळ ठेवावं तर झडतीत सापडणार. म्हणून किल्ली डोक्यात ठेवायची, म्हणजे कविता. निरोप करताना कवितेतले कुठलेही पाच शब्द निवडायचे, त्यांतल्या अक्षरांना वर्णमालेच्या क्रमाने आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांच्या क्रमाने निरोपाची अक्षरं ढवळायची. मग तेच पुन्हा एकदा. कुठले पाच शब्द घेतले ते सुरुवातीच्या गटात लपवून कळवायचं. लंडनकडे कविता असतेच, ते उलट करून वाचणार.

ओसरी
"अक्षरं ढवळायची" इथे माझा भाचा आणि मी दोघंही पडलो. उदाहरण द्या ना, मराठीत.

दोनतारी
चला. पाचऐवजी एकच शब्द घेऊ: खडकवासला. काना-मात्रा सोडून द्या. ख, ड, क, व, स, ल. वर्णमालेत सगळ्यात आधी क, म्हणून तो १. मग ख २, ड ३, ल ४, व ५, स ६. म्हणजे शब्दावर आकडे बसले २, ३, १, ५, ६, ४.

निरोप: परवा रात्री दोन वाजता पुलाखाली नाव आणा. सहा-सहा अक्षरांच्या ओळी पाडा, जोडाक्षर एकच धरा:

२ ३ १ ५ ६ ४
प र वा रा त्री दो
न वा ज ता पु ला
खा ली ना व आ णा

आता आडवं नाही, उभं वाचायचं. आधी १ चा रकाना, मग २ चा, असं. मिळतं:

वाजना पनखा रवाली दोलाणा राताव त्रीपुआ

टिवल्या
वाजना पनखा रवाली दोलाणा! अहो, हे तर आमच्या गल्लीत हळदीला म्हणतात. हसून हसून पुरेवाट.

दोनतारी
ही झाली पहिली फेरी. याच अक्षरांच्या पुन्हा ओळी पाडून पुन्हा ढवळलं की येतं: नालीव वाररा जवाता खाणाआ पदोत्री नलापु. आता हळदीलाही चालणार नाही. शब्दात तेच अक्षर दोनदा आलं तर डावीकडच्याला आधीचा आकडा. खरे हेर पाच शब्दांची वीस-पंचवीस अक्षरांची किल्ली घ्यायचे. थंडीत, पोटमाळ्यावर, खाली गाडी थांबल्याचा आवाज येत असताना.

खडूफळा
उत्तम समजावलंत. एकतीस वर्षं मराठी शिकवलं म्हणून एक शंका. किल्लीच्या शब्दात शुद्धलेखनाची चूक झाली तर? एखादं अक्षर गळलं तर पुढचे सगळे आकडे सरकणार ना?

दोनतारी
काका, बरोब्बर तिथेच घोडं पेंड खायचं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की लंडनला हाती लागायचा नुसता भाताचा चिवडा. मग हेराला सांगायचे, पुन्हा पाठव. पुन्हा पाठवायचं म्हणजे पुन्हा हवेत जायचं, आणि जर्मनांच्या गाड्या दिशा शोधत गल्लीगल्लीत फिरत असायच्या. त्यात या पद्धतीत निरोप फार छोटा चालत नाही, सहज फुटतो, म्हणून किमान २०० अक्षरांचा नियम. सांगायचं असतं "ठीक आहे" आणि बडवायची २०० अक्षरं. बिनतारीवाल्याचं फ्रान्समधलं आयुष्य सहा आठवडे धरायचे असं म्हणतात ते उगाच नाही.

कापडपेठ
इथे लिओ मार्क्सचं नाव अजून कसं आलं नाही? विशी-बाविशीतला पोरगा, एसओईच्या सगळ्या संकेतांचा प्रमुख. बाप लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरच्या ८४ नंबरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा भागीदार. दुकानात पुस्तकावर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिलेली असायची आणि या पठ्ठ्याने आठव्या वर्षी ती फोडली.

हे वाचून मला माझं लहानपण आठवलं. आमच्या कापडाच्या दुकानात अजून चिठ्ठीवर अक्षरं असतात. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा शब्द किंवा वाक्य घ्यायचं, पहिलं अक्षर १, दुसरं २, शेवटचं शून्य. गिऱ्हाईकासमोर नोकर ओरडून खरेदी विचारतो, वडील अक्षरं सांगतात, गिऱ्हाईकाला वाटतं मालाचा नंबर आहे. मी आठव्या नाही, चौदाव्या वर्षी फोडली. वडिलांनी शाबासकी दिली नाही, शब्द बदलला.

निशिगंध
आणि नवा शब्द काय ठेवला? (विचारून बघितलं.)

कापडपेठ
नाव काढू नका. दिवाळीचा माल अजून पडून आहे.

मांडवीकर
मार्क्सची भरती पण मजेदार. संकेतफोडीच्या शिक्षणाला बसले, बरोबरचे सगळे ब्लेचली पार्कला, म्हणजे शत्रूचे संकेत फोडायच्या केंद्रात, गेले आणि याला अवलिया म्हणून एसओईकडे ढकललं. तिथे पहिल्याच दिवशी एक सांकेतिक मजकूर सोडवायला दिला, वीस मिनिटांचं काम. याला दिवस लागला. साहेब वैतागले, मग कळलं की किल्ली द्यायलाच विसरले होते. गड्याने किल्लीशिवाय फोडला होता!
त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट हा, की चुकलेला निरोप हेराला परत पाठवायला लावायचा नाही. काय वाटेल ते करून इथेच सोडवायचा. हेरांचे निरोप जिथे यायचे त्या ग्रेंडनच्या केंद्रात तरुण मुली पाळ्या लावून बसायच्या आणि हेराने कुठे चूक केली असेल याचे अंदाज बांधत हजारो किल्ल्या लावून बघायच्या.

टिवल्या
मी पण हेर झालो. दोनतारींचीच किल्ली, एकच फेरी. घ्या:
ठेणक चतोथो हापडी वासामी येरला मीखघा
पंधरा मिनिटं लागली, हापिसात. सायेब येऊन गेला मागून.

निशिगंध
सोडवायला घेतलं. माझं आलं: चहाठेयेमीवा तोपणरखसा थोडीकलाघामी. चहा आहे, पुढे 'तो पण' आहे, 'थोडी कला' आहे. हा काय निरोप झाला?

अमुकतमुक
माझंही हेच. टिवल्या, गंडलात कुठेतरी. आता परत पाठवू नका, जर्मन येतील.

खडूफळा
थांबा. "चहा ठे" नंतर "वा" हवा, म्हणजे चहा ठेवा. वा शेवटच्या रकान्यात जाऊन बसलाय आणि चौथ्यात ये. ते दोन रकाने आपसात बदलून बघा. चहा ठेवा मी ये / तो पण साखर / थोडी कमी घाला. चहा ठेवा, मी येतो, पण साखर थोडी कमी घाला!
चूकही सापडली. टिवल्यांनी व ला ४ आणि ल ला ५ दिलाय. य, र, ल, व! व नंतर ल नाही, ल नंतर व. दुसरीत कुठल्या शाळेत होता?

टिवल्या
दंडवत काका. शाळेचं नाव सांगत नाही, तिचा दोष नाही.

दोनतारी
काकांना ग्रेंडनला नोकरी पक्की. फक्त लक्षात घ्या, एकच फेरी होती म्हणून "चहा" आणि "थोडी" दिसत होतं आणि तिथून धागा मिळाला. दोन फेऱ्यांत असं अर्धवट काही दिसत नाही. एक तर सगळं येतं नाहीतर काहीच नाही. त्या मुलींनी काय केलंय ते आता कळतंय.

अमुकतमुक
मान्य. पण मुळात ही पद्धत मला भंपक वाटते. निशिगंध करुणाष्टकं नेणार. शत्रूने एक निरोप फोडला, त्यातून पाच शब्द हाती आले, की ज्याला करुणाष्टकं येतात तो दोन मिनिटांत पूर्ण किल्ली सांगेल. मग जुने-नवे सगळे निरोप उघडे. पाठ असलेली चांगली कविता ही इतरांनाही पाठ असतेच की.

मांडवीकर
अगदी हेच मार्क्सचं म्हणणं, आणि ते वरिष्ठांशी यावरूनच भांडत राहिले. सुरुवातीला हेर शेक्सपिअर, कीट्स, बायबल असलं काहीतरी नेत. मग मार्क्सनी कधीच न छापलेल्या कविता द्यायला सुरुवात केली. स्वतः लिहायचे, मुलीही लिहायच्या. त्यांतल्या बऱ्याच चावट होत्या म्हणतात, कारण चावट कविता माणूस विसरत नाही.

टिवल्या
आत्ता कुठे धागा वयात आला.

मांडवीकर
हलके घ्या, पण पुढचं तेवढं हलकं नाही. व्हायोलेट झाबो, नवरा १९४२ मध्ये अल अलामेनच्या लढाईत मारला गेलेला, घरी लहान मुलगी. तिला आधीची कविता जमत नव्हती, सारख्या चुका व्हायच्या. मार्च १९४४ मध्ये मार्क्सनी तिला एक छोटी प्रेमकविता दिली. ती त्यांनी १९४३ च्या नाताळच्या आदल्या रात्री लिहिली होती, विमान अपघातात गेलेल्या त्यांच्या प्रेयसीसाठी. झाबोला हे सांगितलं नाही. जूनमध्ये ती दुसऱ्यांदा फ्रान्समध्ये उतरली आणि पकडली गेली, १९४५ च्या सुरुवातीला राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत तिला मारलं. पुढे १९५८ च्या चित्रपटात तीच कविता नवऱ्याने लिहिलेली दाखवलीय. कवीचं नाव सांगायचं नाही या अटीवरच मार्क्सनी ती वापरू दिली होती.

निशिगंध
काही सुचत नाहीये लिहायला.

कापडपेठ
शेवटी मग कविता सोडून दिली की नाही?

दोनतारी
हळूहळू. मार्क्सनी तयार किल्ल्या रेशमावर छापून घेतल्या. अस्तरात शिवलं की अंग चाचपलं तरी कागदासारखं कुरकुरत नाही. एक किल्ली वापरली की तेवढी पट्टी कापायची आणि जाळायची. पुढे एकदाच वापरायच्या अक्षरांच्या वह्याही रेशमावरच आल्या. कविता मागे उरली ती रेशीम हरवलं तर म्हणून.

अमुकतमुक
रेशीम सापडलं तर? डोक्यातली कविता झडतीत सापडत नाही. हा तर उलटा प्रवास झाला.

दोनतारी
मलाही आधी तसंच वाटायचं. पण डोक्यातली कविता मारून काढून घेता येते. माणूस किती वेळ सोसेल? आणि एकदा सांगितली की आजवरचे सगळे निरोप गेले. जाळलेली किल्ली मात्र त्याला स्वतःलाही आठवत नाही. छळ करून काढणार काय? शत्रूला सापडलंच तर न वापरलेलं रेशीम, मागचं सुरक्षित.

अमुकतमुक
हं. हे पटलं. शब्द मागे.

खडूफळा
पण पकडलेल्या माणसाला जर्मनांनी धाक दाखवून त्याच्याच यंत्रावर बसवलं तर लंडनला कळायचं कसं?

मांडवीकर
त्यासाठी ठरवलेल्या चुका असत. दोन प्रकारच्या: एक मार पडल्यावर सांगून टाकायची, दुसरी खरी, ती पोटात ठेवायची. खरी चूक निरोपात दिसली नाही की लंडनने ओळखायचं, माणूस गेला. कागदावर छान. हॉलंडमध्ये याचे धिंडवडे निघाले. मार्च १९४२ मध्ये हूब लाउवर्स हा बिनतारीवाला पकडला गेला. त्याला जर्मनांसाठी निरोप पाठवायला लावले तेव्हा त्याने खूण मुद्दाम गाळली. लंडनने दुर्लक्ष केलं. मग त्याने निरोपाच्या आगेमागे 'पकडलो' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरं घुसडली. तरी नाही. लंडन एकामागून एक माणसं विमानातून सोडत राहिलं आणि खाली जर्मन झेलत राहिले. पन्नासहून जास्त. बहुतेकांना पुढे माउटहाउझेनच्या छळछावणीत मारलं. १ एप्रिल १९४४ ला त्या जर्मन अधिकाऱ्यांनी लंडनला उघड्या भाषेत टोमणेबाज निरोप पाठवून खेळ संपवला. तारीख बघा.
मार्क्सना संशय आधीच आला होता. कशावरून? हॉलंडहून येणारे निरोप कधीच चुकत नव्हते. बाकी सगळ्या देशांतले हेर धडाधड चुका करतायत, आणि हे मात्र कायम शुद्ध. म्हणजे कोणीतरी टेबलाशी निवांत बसून करतंय.

खडूफळा
अरे देवा. हे मला कोणी समजावून सांगायला नको. गृहपाठाच्या वहीत एकही चूक नसली की मी लाल पेन खाली ठेवून विचारायचो, "दादाने लिहून दिली की बाबांनी?" तिथे कोणी विचारलं नाही?

मांडवीकर
मार्क्सनी विचारलं. वरच्यांनी ऐकलं नाही.

सिंहगडपायथा
उशिरा आलो. दोनतारींनी किल्लीला खडकवासला सहज घेतलं की माहिती होती? एसओईची आशियातली शाखा म्हणजे फोर्स १३६, तिचं एक प्रशिक्षण केंद्र युद्धात खडकवासल्याच्या तलावाकाठीच होतं. मलायात उतरवायच्या चिनी तरुणांना तिथे तयार करायचे. लिम बो सेंग हा त्यांतला मोठा माणूस, १९४४ मध्ये जपान्यांच्या कैदेत मरण पावला. सिंगापूरमध्ये त्याचं स्मारक आहे. आपण तिथे भजी आणि कणसं खाऊन परत येतो. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तिथे आली ती नंतर.

दोनतारी
शप्पथ, सहज घेतलं. सहा वेगळी व्यंजनं हवी होती. अंगावर काटा.

मांडवीकर
आता माझ्या गावचं, बडोद्याचं सांगूनच टाकते, आयडी उगाच घेतलेला नाही (मांडवी तिथलीच). नूर इनायत खान. वडील इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष सयाजीरावांच्या दरबारी गवई, त्यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली, तिचंच पुढे संगीत महाविद्यालय झालं. त्या घरची ही मुलगी मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळ वाढली, मुलांसाठी जातककथा लिहिल्या आणि जून १९४३ मध्ये एसओईची बिनतारीवाली म्हणून फ्रान्समध्ये उतरली. त्या कामावर पाठवलेली पहिलीच बाई.
तिच्याबद्दल मार्क्सना सांगितलं गेलं होतं की ती खोटं बोलायलाच तयार नाही. खोटं न बोलणारी हेर! म्हणून भेटायच्या आधी ते तिच्या जातककथा वाचून गेले आणि त्या गोष्टींच्या भाषेत तिला संकेतांचं महत्त्व सांगितलं. शिवाय एक वेगळी खूण दिली: अठरा अक्षरांची किल्ली कधीच वापरायची नाही, वापरलीस तर मी समजेन की तू पकडली गेलीस. आणि एक दिवस अठरा अक्षरांच्या किल्लीचा निरोप आला.

टिवल्या
माझ्या चहाच्या निरोपातही अठराच अक्षरं होती हो.

मांडवीकर
तुमची निरोपात, तिची किल्लीत. काळजी नको.
तिने जुने निरोप वहीत उतरवून ठेवले होते, ते जर्मनांना सापडले. वरून आलेल्या सूचनेचा अर्थ तिने चुकीचा घेतला असं म्हणतात. तिच्या नावाने जर्मन लंडनशी बोलत राहिले. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली. वहीवरून तिला नावं ठेवणारे बरेच आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण सूचना देणाऱ्याला आपण किती सहज सोडून देतो ते बघते.

निशिगंध
+१. वाचनखूण साठवली.

कापडपेठ
अवांतर: लहानपणी आम्ही च-ची भाषा बोलायचो. "चाणीप चेद" म्हणजे पाणी दे. आजीला कळायचं नाही अशी समजूत होती. एकदा आजी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "चाणीप चेतेद." मार्क्स घरोघरी असतात.

ओसरी
अहो, मी दोन दिवस आले नाही तर काय काय करून ठेवलंत! भाच्याला सगळं वाचून दाखवलं, झाबो आणि नूरचा शेवट सोडून. टिवल्यांचा निरोप त्याने खडूफळा काकांचं उत्तर झाकून सोडवला, चाळीस मिनिटांत.

आता माझाच प्रश्न, कुठली कविता. अमुकतमुक म्हणाले तसं छापलेलं काही उपयोगाचं नाही. मग आठवलं, आमच्या आजीने आजोबांवर एक ओवी रचली होती, त्यांना चिडवायला. जात्यावर म्हणायची. कुठे लिहिलेली नाही, घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. म्हटलं, हीच. पाच शब्द काढून आकडे द्यायला बसले आणि तिसऱ्या शब्दाला अडले: "माझ्या" की "माज्या"? आजी काय म्हणायची? धाकट्या मावशीला फोन लावला. ती म्हणाली, माज्याच, आणि म्हणून दाखवताना दुसरी ओळच वेगळी म्हणाली. मोठ्या मामाला लावला, त्याची तिसरीच. तासभर तिघं फोनवर भांडलो आणि हसलो. आजीला जाऊन बावीस वर्षं झाली.

निशिगंध
इथे द्या ना ती ओवी!

ओसरी
इथे दिली तर किल्ली गेली.

टिवल्या
गाझोस चआब हाताघू लाद्याच रपाग झाउळे

खडूफळा
या वेळी ल आणि व जागेवर आहेत.